गठ्ठा मोठा, ट्रॅक्टर लहान: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: माझा ट्रॅक्टर 27 एचपीचा. माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता 1000 किलो लिहिली आहे. सुक्या गवताचा गोल गठ्ठा मागच्या भाल्यावर (गठ्ठ्यात खुपसायच्या लांब लोखंडी सुळ्यावर) घेतला की तो सहज उचलला जातो, पण पुढची चाकं जमीन सोडतात. गठ्ठ्याचा व्यास दीड मीटर, रुंदीही तेवढीच. दोष लिफ्टचा की भाल्याचा?

दोष दोन्हींचा नाही. लिफ्ट किती उचलते आणि ट्रॅक्टर किती तोलतो, या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रकातला मोठा आकडा बहुतेक वेळा खालच्या दोन लिंकच्या (अवजार जोडायच्या मागच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला असतो. नीट शोधलंत तर टोकापासून 610 मि.मी. मागे मोजलेला दुसरा, लहान आकडाही सापडेल. गठ्ठ्याचं वजन मात्र त्याच्याही मागे असतं.

आधी वजन काढा. व्यास गुणिले व्यास गुणिले 0.785 गुणिले रुंदी, सगळं मीटरमध्ये, की घनमीटर मिळतात. सुकं गवत घनमीटरला साधारण 150 ते 180 किलो भरतं. तुमचा गठ्ठा 2.65 घनमीटरचा, म्हणजे कमीत कमी 400 किलो.

आता तोल. ट्रॅक्टरचं वजन 1000 किलो, त्यातलं 400 पुढच्या एक्सलवर आणि दोन एक्सलमधलं अंतर 150 सें.मी. धरू. (तुमचे आकडे पुस्तिकेतून घ्या, रीत हीच.) मागच्या एक्सलपासून लिंकची टोकं 75 सें.मी. मागे, भाल्याची चौकट आणखी 10, आणि तिथून गठ्ठ्याचा मध्य 75. एकूण 160 सें.मी. मग 400 × 160 ÷ 150 = 427. म्हणजे हा गठ्ठा पुढच्या चाकांवरून 427 किलो काढून घेतो आणि भाल्याची 50 किलोची चौकट आणखी 27 किलो घेते. पुढे मुळात होते 400. सपाट जागीच ट्रॅक्टर पुढून उठणार, आणि चाक एखाद्या खड्ड्यातून वर आलं की आणखी उठणार.

स्टिअरिंग हाताशी राहायचं तर रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के भार पुढच्या एक्सलवर उरायला हवा. इथे तो 200 किलो होतो. तेवढा राखायला या गठ्ठ्यासाठी समोर, एक्सलच्या 40 सें.मी. पुढे, 20 किलोच्या दहा प्लेट टांगाव्या लागतील. पुढचा ब्रॅकेट बहुधा तेवढ्या घेणारच नाही. घेतल्या तरी मागच्या टायरांवर साडेचौदाशे किलो जातील. त्या वाटेला जाऊ नका.

1.2 मीटर व्यास आणि 1.2 मीटर रुंदीचा गठ्ठा घेतला तर हिशेब बदलतो. वजन 250 किलोच्या आत आणि मध्यही 15 सें.मी. जवळ येतो. तो पुढून 242 किलो काढतो, चौकट 27. उरतात 131. समोरच्या प्लेट एक्सलच्या 40 सें.मी. पुढे असतील तर त्यांचा एक किलो पुढच्या चाकांवर सव्वा किलोचं काम करतो. म्हणजे 20 किलोच्या तीन प्लेटमध्ये काम भागतं.

म्हणून पुढच्या कापणीला बेलरवाल्याशी (बेलर म्हणजे गठ्ठे बांधणारं मशीन) आधीच बोला. ज्या बेलरच्या आत पट्टे असतात आणि कक्ष गठ्ठ्याबरोबर मोठा होत जातो, त्यात व्यास कमी ठेवता येतो. रुंदी मात्र मशीनची असेल तीच राहते. रोलरवाल्या ठरावीक कक्षाच्या मशीनमध्ये व्यासही बदलत नाही.

आत्ता घरात असलेले मोठे गठ्ठे लहान करून न्या. जाळी कापा आणि बाहेरचे थर उलगडत दीड मीटरचा व्यास 1.2 मीटरवर आणा. डोळ्याला फरक थोडा दिसतो, पण वजनाचे 64 टक्केच उरतात, 400 चे जेमतेम 256. उरलेल्या गठ्ठ्याला चार-पाच ठिकाणी घट्ट दोरी बांधल्याशिवाय भाला घालू नका, नाहीतर उचलताच तो पोटातून फाटतो. सोडलेलं गवत त्याच दिवशीच्या वैरणीला वापरा. रुंदी दीड मीटरच राहत असल्यामुळे समोरच्या प्लेट याही गठ्ठ्याला लागतात: याच हिशेबाने चार.

प्रश्न: भाला घालताना गठ्ठा आत घेण्याऐवजी पुढे सरकत जातो. घेतला तरी वाटेत गोल फिरतो.

भाला गठ्ठ्याच्या सपाट तोंडातच घालायचा, गोल अंगात नाही. जागा बरोबर मध्यावर किंवा मध्याच्या चार बोटं वर. मध्याच्या खाली घातलात तर जड बाजू वर राहते आणि पहिल्याच वळणावर गठ्ठा उलटा फिरतो. मुख्य भाल्याच्या दोन्ही बाजूंना खाली दोन आखूड सुळे असतात. ते फिरणं रोखण्यासाठीच असतात, म्हणून ‘अडचण करतात’ असं म्हणून काढून टाकू नका.

सरकण्याचं कारण बऱ्याचदा गठ्ठ्याचा गाभा असतो. पट्ट्यांच्या बेलरचा गठ्ठा आतपासून घट्ट असतो, रोलरवाल्याचा गाभा मऊ. घट्ट गाभ्यात भाला शिरण्याऐवजी गठ्ठाच ढकलला जातो. त्याला मागे दुसऱ्या गठ्ठ्याचा टेका द्या आणि सगळ्यात लहान गिअरमध्ये, भाला जमिनीला समांतर ठेवून, सरळ रेषेत मागे या. वेगात मागे येऊन धडक देण्याची सवय वाईट. भाला वाकतो, किंवा त्याच्या बुडाचं शंकूसारखं बूच चौकटीत ढिलं होतं. त्यामागचा नट आठवड्यातून एकदा आवळा.

भाला चौकटीपर्यंत पूर्ण गेला पाहिजे. एक वीत बाहेर राहिला तर वर काढलेल्या हिशेबात तेवढीच वीत वाढते. मग टॉप लिंक (वरची मधली दांडी) आखूड करून टोक किंचित वर करा, लिंकच्या दोन्ही चेन ताणा, आणि गठ्ठ्याचं बूड जमिनीपासून एक वीत-दीड वीत ठेवून चाला. त्याहून उंच नेण्याचं कारण नसतं. तोल सुटला तर एवढ्या उंचीवरून गठ्ठा लगेच जमिनीला टेकतो आणि ट्रॅक्टर वाचतो.

प्रश्न: समोर लोडर बसवला तर ही पुढून उठण्याची भानगड संपेल ना?

ती संपेल आणि मागून उठण्याची सुरू होईल. लोडरवर गठ्ठा घेतला की मागची चाकं हलकी होतात, आणि लहान ट्रॅक्टरला ब्रेक सहसा फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर मागची चाकं उचलली गेली की ब्रेकचं पेडल दाबून उपयोग नाही. म्हणून लोडरवर गठ्ठा असेल तेव्हा फोर व्हील लावलेलंच ठेवा, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या चाकांनाही मिळते. मागे लिंकवर वजनाची पेटी टांगा. मागच्या टायरात पाणी भरत असाल तर तीन-चतुर्थांशच, वरची जागा हवेची. किती वजन हवं ते लोडरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि ती अट न पाळता लोडरची क्षमता गृहीत धरता येत नाही.

यापेक्षा मोठा धोका वेगळा. गोल गठ्ठा बकेटमध्ये ठेवून किंवा साखळीने बांधून वर उचलला, की बकेट मागे झुकते आणि गठ्ठा लोडरच्या दोन हातांवरून घरंगळत थेट चालकावर येतो. आसनामागची दोन खांबांची सुरक्षा चौकट ट्रॅक्टर उलटला तर वाचवते, समोरून येणाऱ्या गठ्ठ्यापासून नाही. लोडरला भाला किंवा गठ्ठा दाबून धरणारा पंजाच लावा, आणि चालताना गठ्ठा बोनटच्या वर जाऊ देऊ नका. एकावर एक तीन थर रचायचे असतील तर ते लहान लोडरचं काम नाही.

प्रश्न: शेत उताराचं आहे. गठ्ठा मागे घेऊन चढताना भीती वाटते.

वाटायलाच हवी. जड बाजू नेहमी चढाकडे ठेवा. गठ्ठा मागच्या भाल्यावर असेल तर चढ उलट्या गिअरने चढा आणि उतार सरळ उतरा. लोडरवर असेल तर नेमकं याच्या उलट. आडव्या उतारावर दोन्हीही नको. ब्रेकच्या दोन पेडलींची जोडपट्टी लावा. पुढची चाकं हलकी पडली की एका बाजूच्या ब्रेकवर वळवण्याचा मोह होतो, आणि लहान ट्रॅक्टर तिथेच कोलमडतो.

गठ्ठा खाली ठेवताना त्याचं सपाट तोंड उताराकडे करा. गोल अंग उताराकडे राहिलं तर पाचर लावूनही भरवसा नसतो.

प्रश्न: भाला नाही, लोडर नाही. शेताच्या टोकाला पडलेला 400 किलोचा गठ्ठा गोठ्यापर्यंत कसा आणू?

ओढून. जाड पत्र्याची किंवा फळ्यांची घसरपट्टी करा, पुढची कड वर वळलेली. सपाट जागेत दोघांनी गठ्ठा तिच्यावर लोटत आणायचा आणि दोन्ही बाजूंना लाकडी पाचरा ठोकायच्या. गवतावरून ओढायला वजनाच्या साधारण निम्मी ओढ लागते, म्हणजे 200 किलो. 25 एचपीचा ट्रॅक्टर ती सहज देतो. साखळी मात्र ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागे, एक्सलच्या खाली असलेल्या ओढायच्या पट्टीलाच). टॉप लिंकच्या कानाला किंवा एक्सलच्या वर कुठेही बांधलीत तर घसरपट्टी दगडाला अडताच ट्रॅक्टर पुढून उठून मागे उलटतो. एक-दीड सेकंदाचा खेळ असतो, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. उतारावर घसरपट्टी मागून ट्रॅक्टरवर येते, तेव्हा ही युक्ती फक्त सपाटीला.

किंवा गठ्ठा जागच्या जागी सोडा. गुंडाळीचं मोकळं टोक शोधून त्याच्या दिशेने उलगडलात तर सतरंजीसारखे थर निघतात. उलट्या दिशेने ओढलंत तर नुसता गुंता होतो.

प्रश्न: जाळी काढायला वेळ जातो. जनावरं ती बाजूला सारत नाहीत का?

नाही. जाळी आणि दोरी गवताबरोबर पोटात जाते, पचत नाही, आणि पहिल्या कोठ्यात गोळा होत राहते. एका जागी कापून अख्खी ओढून काढा. तुकडे केले की एखादा राहतोच.

प्रश्न: गठ्ठे बाहेरच ठेवावे लागतात. वरचा चार बोटं थर काळा पडतो, बाकी चांगला असतो. तेवढं चालेल ना?

चार बोटं नाही, अर्धी वीत थर गेला तर काय होतं ते बघा. दीड मीटरच्या गठ्ठ्याचा बाहेरचा 10 सें.मी. थर म्हणजे पूर्ण गठ्ठ्याचा चौथा हिस्सा. 1.2 मीटरच्या गठ्ठ्यात तोच थर 30 टक्क्यांवर जातो. गठ्ठे लहान करण्याची ही किंमत आहे, म्हणून लहान गठ्ठ्याला छप्पर किंवा ताडपत्री आधी द्या.

खाली खडी किंवा जुने लाकडी पॅलेट टाका, कारण ओल खालूनच जास्त चढते. सपाट तोंडाला तोंड लावून ओळी करा, दोन ओळींत मीटरभर मोकळं सोडा म्हणजे पाणी साचत नाही. गोल गठ्ठा बांधताना ओलावा 18 टक्क्यांच्या आत हवा. त्याहून ओला बांधला असेल तर पहिले काही आठवडे आत लांब तापमापी खुपसून बघत राहा. 50 अंशांपर्यंत रोज एकदा पुरे. 65 च्या पुढे गेला तर तो गठ्ठा इतरांपासून आणि गोठ्यापासून लांब न्या, पण पाण्याची सोय हाताशी ठेवून. तापलेल्या गठ्ठ्यात भाला घातला की आत हवा शिरते आणि तेव्हाच तो पेट घेऊ शकतो.