बिस्त्रोला खानावळ म्हणावं का?

मालवणच्या एका वाचकाने विचारलंय: पुतण्या तारकर्लीच्या रस्त्याला दहा-बारा माणसांपुरती, परवडणाऱ्या फ्रेंच जेवणाची जागा काढतोय. त्याच्या डोक्यात 'बिस्ट्रो' आहे. पाटी देवनागरीत हवीच, तर मराठी शब्द कुठला? उपाहारगृह, भोजनालय? की 'खानावळ' लिहिलं तर कमीपणा वाटेल?

उपाहारगृह नकोच. पाटी रंगवणारा हटकून 'उपहारगृह' करून ठेवतो, म्हणजे भेटवस्तूंचं घर. आणि शुद्ध लिहिलं तरी उपाहार म्हणजे फराळ. वाइनमध्ये दोन-अडीच तास शिजवलेल्या कोंबडीला फराळ कसं म्हणणार? भोजनालय अर्थाने बरोबर, पण ते वाचलं की मला एसटी स्टँडसमोरची ओली टेबलं दिसतात. हा माझा दोष असेल.

आता बिस्त्रो. (फ्रेंचांचा त आपल्यासारखाच दाती, त्यामुळे 'ट'ची गरज नाही, रेस्तराँचंही तसंच.) या शब्दाची एक गोष्ट सगळीकडे सांगतात: 1814 साली रशियन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, सैनिक 'बिस्त्रा, बिस्त्रा', म्हणजे 'लवकर, लवकर' ओरडत खायला मागू लागले आणि नाव पडलं. पॅरिसमधल्याच माँमार्त्र भागातल्या एका जुन्या रेस्तराँवर तशी पाटीसुद्धा लावलेली आहे. पण फ्रेंच छापील मजकुरात हा शब्द सापडतो तो 1880 नंतर. मधली सत्तर वर्षं तो कुठे होता? म्हणून भाषेचे अभ्यासक ही कथा मानत नाहीत. बऱ्याच स्थानिक बोलींतल्या शब्दांकडे बोट दाखवलं जातं, पण नक्की ठरलेलं नाही.

व्युत्पत्ती राहू दे, वापर बघू. बिस्त्रो म्हणजे छोटी जागा, बहुतेकदा घरच्याच माणसांनी चालवलेली, मोजके पदार्थ, खिशाला परवडणारा दर, आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिलेला 'आजचा पदार्थ'. बंदराजवळच्या ज्या खानावळीत मी जेवतो तिथे दुसरं काय असतं? पाटीवर सुरमई थाळी, बांगडा थाळी, तिसऱ्या. दीड वाजता गेलात तर काकी हातानेच एक ओळ पुसत म्हणतात, "आज सुरमय नाय. बांगडे आसत. वाडू?" 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा पाटी आणखी आखूड होते. बाजारात आलं तेच पानात.

फ्रेंचमध्ये या पाटीला 'आर्दवाझ' म्हणतात, म्हणजे स्लेटचा दगड. गंमत म्हणजे उधारीलाही हाच शब्द. गिऱ्हाइकाची बाकी त्याच पाटीवर लिहीत. आपल्याकडे वहीत लिहितात, एवढाच फरक.

खरा घोटाळा 'मेनू'चा आहे, आणि पुतण्याने तो आधीच समजून घ्यावा. फ्रान्समध्ये पदार्थांच्या यादीला 'कार्त' म्हणतात. 'आ ला कार्त' म्हणजे यादीतून हवं ते वेगवेगळं मागवणं. 'मेनू' म्हणजे ठरलेल्या दरात ठरलेले दोन-तीन पदार्थ. म्हणजे आपली थाळी! पॅरिसमध्ये मी ऐटीत 'मेनू' मागितला, तर वाढप्याने मान डोलावली आणि थोड्या वेळाने सरळ सूपच आणून ठेवलं. यादी बघायची राहून गेली. पण कांद्याचं सूप, वर पावाचा तुकडा आणि त्यावर वितळून ताणलं जाणारं चीज. तक्रार कोण करणार? शिवाय पावाची टोपली आणि नळाच्या पाण्याचा कुंजा यांचे पैसे तिथे वेगळे लावत नाहीत. आपल्या भाताला अजून एकदा 'वाडू?' म्हणतात, तसंच.

म्हणून माझं मत: 'फ्रेंच खानावळ'. दोन्ही शब्द प्रत्येकाला कळतात, आणि शेजारी-शेजारी आले की माणूस क्षणभर थांबून वाचतो. कमीपणाचं म्हणाल, तर शनिवारी गाड्या रांगेने कुठल्या दारात उभ्या असतात ते मालवणकरांना मी सांगायला नको. फार तर खाली बारीक अक्षरांत 'बिस्त्रो' लिहावं. वाइन ठेवणार असेल तर मात्र घरगुती कुटुंबं खानावळीचा बोर्ड बघून आत येतील आणि दचकतील. तेव्हा तेही पाटीवरच सांगितलेलं बरं.

राहिला ण की न. खाणे या क्रियापदावरून 'खाणावळ'; दळणावळ (दळण्याचे पैसे), धुणावळ (धुण्याचे पैसे) यांच्या पंगतीतला शब्द. 'खाना'च्या ओढीने 'न' आला आणि रुळला. कोकणातल्या बहुतेक पाट्यांवर 'न'च दिसतो, तोच लिहावा. ण लिहिलात तर कुणीतरी येऊन चूक सुधारून जाईल.