पुन्हा तिथंच जा

प्रिय,

तुझा मेल वाचला. सासवडच्या पुढच्या माळावर कोळी शोधून काही मिळत नाही म्हणतेस, संशोधनाचे गाइड म्हणतात आंबोलीला जा. त्यांचंही बरोबर आहे, तिथं शोधनिबंध लवकर होतो. पण माळावर काही नाही हे ठरवलं कुणी? तू दोनदा गेलीस, तेही भर मे महिन्यात! तेव्हा बऱ्याचशा जाळं विणणाऱ्या कोळ्यांची पिल्लंच हाती लागतात. जात ओळखायला मादीचं एपिगायनम म्हणजे पोटाखालचं जननांग आणि नराचा पाल्प म्हणजे तोंडाजवळचा, मीलनात वापरायचा अवयव पूर्ण वाढलेला लागतो, हे मी तुला सांगायला नको. गणपती ते दिवाळी जा. आणि तिथंच जा.

आपल्याकडच्या कोळ्यांच्या नोंदी एकदा नकाशावर मांडून बघ. घाटमाथा, अभयारण्यं, कॉलेजांची आवारं इथं ठिपक्यांची गर्दी आणि मधला कोरडा पट्टा रिकामा. तो नकाशा कोळ्यांचा कमी आणि गोळा करणाऱ्यांच्या एसटी मार्गांचा जास्त आहे. कोळ्यांचे अभ्यासक टिकादर यांनी १९६०च्या दशकात पुणे परिसरातूनच कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. गावाबाहेरच्या टेकड्यांवर फिरून झालेलं काम आहे ते.

नवी जात, नवी जात! २०२२ मध्ये कोळ्यांच्या जागतिक यादीनं ५० हजार जातींचा आकडा ओलांडला. त्यात तुझी एक नसली तर काय बिघडलं? जी माहीत आहे ती कुठवर पसरलीय, कोणत्या महिन्यात दिसते, कुठं दिसत नाही, हे कोण लिहिणार? ‘दिसत नाही’ हेही लिहायचं. मात्र किती वेळ शोधलं, किती वाजता, हात कशाकशाला लावला, हे सोबत हवं. नाहीतर ते ‘दिसत नाही’ म्हणजे नुसता आळस.

तुझ्या फोटोत पिटफॉलचा, म्हणजे जमिनीत पुरायच्या सापळ्याचा, कप जमिनीच्या वर आलेला दिसतोय. काठ अगदी मातीच्या पातळीला हवा. जरासा वर राहिला तरी लांडगा-कोळी वळसा घालून निघून जातो. आधी खड्ड्यात दोन कप एकात एक घालून बसव, मग आतलाच उचलायचा, म्हणजे दर वेळी कडेची माती ढासळत नाही. बाभळीवरचं ते मळकट, कोळिष्टकांचं गाठोडं तू ‘जुनं घरटं’ म्हणून सोडलंस. अगं, तो स्टेगोडायफस, एका घरट्यात मिळून राहणारा कोळी! गवताच्या काडीनं जाळं हलकंच हलव, चार-पाच जणी एकदम बाहेर येतील.

मी एकच माळ धरून बसलो म्हणून लोक हसले. माझ्या नावावर एकही नवी जात नाही, आणि हो, त्याची बोच आहे. पण त्या माळावर आता एन.ए. प्लॉट पडलेत, आणि तिथं काय होतं हे कुणी विचारलं तर माझ्या वह्यांखेरीज उत्तर नाही. तेव्हा मी बरोबरच होतो. तुला हट्टीपणा वाटेल, वाटू दे.

ती जमीन वनखात्याची असेल तर परवानगीचा अर्ज आत्ताच टाक, त्याला वेळ लागतो. कुप्यांच्या आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी घाल; बॉलपेन अल्कोहोलमध्ये विरघळतं. नमुने घेऊन घरी ये, सूक्ष्मदर्शक आहे. आंबोलीचा विषय मात्र काढू नकोस.

तुझा,
सर