वाचकांचे प्रश्न : निशाचर प्राणी मुलांना कसे समजावून सांगावेत?

प्रश्न : मी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना विज्ञान शिकवते. निशाचर प्राण्यांचा पाठ झाला, की मुले ‘मोठे डोळे, तीक्ष्ण कान, तीव्र घ्राणशक्ती’ ही यादी घडाघडा म्हणून दाखवतात. परंतु घुबडाचे डोळे मोठे का, असे विचारले तर ‘त्याला रात्री शिकार करायची होती, म्हणून त्याने ते मोठे केले’ असे उत्तर येते. ही समजूत कशी दूर करावी?

उत्तर : मुलांचे हे उत्तर चुकीचे असले तरी त्यात विचार आहे, आणि केवळ यादी म्हणून दाखवणाऱ्या मुलापेक्षा असे उत्तर देणारे मूल पुढे गेलेले आहे, असे आम्ही म्हणू. दोष बराचसा पाठ्यपुस्तकी भाषेचाही आहे. ‘प्राण्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतले’ असे वाक्य वाचले, की एखाद्या घुबडाने बसून तसे ठरवले असावे, असेच कोणालाही वाटेल. त्याऐवजी एका घुबडाची गोष्ट न सांगता अनेक पिढ्यांची सांगावी. कोणत्याही दोन पिल्लांचे डोळे तंतोतंत सारखे नसतात. ज्यांना अंधूक उजेडात थोडे अधिक दिसले त्यांना भक्ष्य अधिक मिळाले, त्यांची पिल्ले अधिक जगली, आणि तो गुण पुढच्या पिढ्यांत उतरत गेला. हजारो पिढ्या हेच घडत राहिले. एवढे या वयाच्या मुलांना नीट कळते.

दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक अनुकूलनाची काही किंमत असते आणि यादीतून नेमकी तीच गळते. घुबडाचा डोळा आपल्यासारखा गोल नसून नळीच्या आकाराचा असतो व हाडांच्या कड्याने जखडलेला असतो. त्यामुळे तो भरपूर प्रकाश गोळा करतो, पण खोबणीत फिरू शकत नाही. बाजूला पाहायचे तर घुबडाला सगळे डोकेच वळवावे लागते, आणि म्हणूनच त्याच्या मानेत १४ मणके असतात (माणसाच्या मानेत ७), ज्यांच्या आधारे ते एका दिशेला सुमारे २७० अंशांपर्यंत डोके वळवू शकते. शिवाय अगदी जवळचे त्याला स्पष्ट दिसत नाही. चोचीजवळच्या वस्तूचा अंदाज ते तिथल्या राठ, केसांसारख्या पिसांच्या स्पर्शाने घेते. मुलांना डोळे न हलवता, केवळ मान वळवून खोली न्याहाळायला सांगा. मानेच्या मणक्यांचे प्रयोजन मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

डोळ्यांविषयी बोलताना सुरुवात मुलांच्या स्वतःच्या डोळ्यांपासून करावी, असे आमचे ठाम मत आहे. लाल, निळ्या, हिरव्या आणि काळ्या कागदांचे सारख्या आकाराचे तुकडे घ्या, प्रत्येकाच्या मागे रंगाचे नाव लिहा आणि ते एकत्र मिसळा. पडदे ओढून, वस्तूंचे आकार जेमतेम ओळखू येतील एवढाच उजेड ठेवा. वीसेक मिनिटे गोष्टी सांगण्यात घालवा, कारण आपल्या डोळ्यांना अंधाराला सरावण्यासाठी तेवढा वेळ हवाच. मध्येच कोणी मोबाइल उघडला तर सगळे मुसळ केरात. नंतर मुलांना रंगांप्रमाणे ढीग लावायला सांगा. पुष्कळशी मुले लाल तुकडे काळ्यांच्या ढिगात टाकतील, निळे मात्र त्यांना तुलनेने उजळ दिसतील. दिवा लावल्यावर जो गलका होईल, तो होऊ द्यावा. माणसाच्या प्रत्येक डोळ्यात मंद प्रकाशात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात, तर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सुमारे ६० लाख. शंकूपेशींना भरपूर उजेड लागतो. दंडपेशींना रंग ओळखता येत नाहीत आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. बहुतेक निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत दंडपेशींचाच भरणा असतो. अपवादही सांगावेत : काही निशाचर पाली आणि काही पतंग चंद्रप्रकाशापेक्षाही मंद उजेडात रंग ओळखतात.

प्रश्न : माझा मुलगा विचारतो, की मांजराच्या डोळ्यांतून उजेड बाहेर येतो का, आणि तिला मिट्ट काळोखात दिसते का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मांजराच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. पहिल्या फेरीत पेशींनी न टिपलेला प्रकाश या थरावर आपटून पुन्हा त्याच पेशींतून जातो, म्हणजे तो टिपण्याची आणखी एक संधी डोळ्याला मिळते. जो तरीही उरतो तो बाहेर पडतो आणि आपल्याला डोळे चमकताना दिसतात. सायकलच्या मागे लावलेला परावर्तक मुलाला दाखवा. दिव्याचा झोत पडल्याखेरीज तोही चमकत नाही. जिथे प्रकाशच नाही तिथे कोणत्याही डोळ्याला दिसत नाही.

प्रश्न : वटवाघळे आंधळी असतात, असे मुलांना सांगावे का?

उत्तर : मुळीच सांगू नये. वटवाघळांना डोळे असतात आणि दिसतेही. फळे खाणारी मोठी वटवाघळे तर मुख्यतः दृष्टी आणि वास यांवरच अवलंबून असतात. कीटक खाणाऱ्या वटवाघळांची कथा मात्र मुलांना अवश्य सांगावी. इ. स. १७९३ च्या सुमारास इटलीतील शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी पाहिले, की मेणबत्ती विझताच पाळीव घुबड वस्तूंवर आदळू लागते, परंतु वटवाघळे बिनदिक्कत उडत राहतात, अगदी दृष्टी नाहीशी केली तरीही. कान बंद केल्यावर मात्र ती धडकू लागली. आवाज तर काहीच ऐकू येत नव्हता, तेव्हा या निष्कर्षाची त्या काळी थट्टाच अधिक झाली. १९३८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणारे, फार वरच्या पट्टीतले) ध्वनी टिपणाऱ्या यंत्रापुढे वटवाघळे आणली, तेव्हा कुठे त्यांचा आवाज माणसाला ‘ऐकू’ आला. आपल्या कानांची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ. बहुतेक वटवाघळांचे आवाज त्याहून वरच्या पट्टीतले असतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून ती किड्याची जागा हेरतात. प्रयोग करणाऱ्यांनी प्राण्यांना दिलेला त्रास आज मान्य होणार नाही, हेही मुलांशी बोलावे, ती विचारतातच.

प्रश्न : मुलांना रात्री बाहेर नेऊन प्राणी दाखवावेत का?

उत्तर : मोठी माणसे बरोबर असतील आणि ठिकाण ओळखीचे असेल तर जरूर न्यावे. संधिप्रकाशाची वेळ सर्वांत सोयीची. तेव्हा वटवाघळे बाहेर पडतात आणि मुलांना झोपही आलेली नसते. विजेरीवर लाल पारदर्शक कागद बांधावा, म्हणजे मुलांच्या डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही आणि बऱ्याच प्राण्यांनाही त्रास कमी होतो. झोत प्राण्याच्या डोळ्यांवर रोखू नये, आणि घरटे किंवा बीळ दिसल्यास त्याच्या जवळ जाऊ नये.