गॅटविकमध्ये गेट नाही, शेळी आहे

गॅटविक विमानतळाच्या नावाचा 'गेट'शी संबंध आहे का आणि त्याचं जुनं स्पेलिंग काय, असं तुम्ही विचारलंय. संबंध शून्य. आमचे साडू काहीही म्हणोत.

साडू लंडनला असतात. 11 वर्षांपूर्वी आम्ही गॅटविकला उतरलो. ते घ्यायला आले आणि गाडी पार्किंगबाहेर पडायच्या आत सांगून मोकळे, "गॅटविक म्हणजे लंडनचं गेट." मी म्हटलं, अहो, शेळ्यांची वाडी. दोघी बहिणी अशा काही हसल्या की पुढचं बोलायची सोयच राहिली नाही. तेव्हापासून लग्न असो की बारसं, माझं स्वागत "या शेळीवाले" असंच होतं.

1241 सालच्या नोंदीत हे नाव आहे. स्पेलिंग आजच्यासारखंच, फक्त शेवटच्या 'के'आधी 'सी' नाही. घोड्यांची शर्यत तिथं आली 1891 मध्ये, विमानं त्याहून नंतर, 1930 च्या दशकात. मग 1241 मध्ये लंडनपासून 40-45 किलोमीटरवर, तेव्हाच्या सरे परगण्याच्या चिखलात, कसलं गेट उभं होतं?

जुन्या इंग्रजीत 'गाट' म्हणजे शेळी आणि 'विक' म्हणजे दुभत्याची वाडी. सुट्या शब्दातल्या 'आ'चा पुढे 'ओ' होऊन 'गोट' झालं. जोडनावात तो स्वर आधीच आखूड झाला होता, म्हणून 'गॅट' राहिला. लंडनमधलं चिझिकही असंच, चीजची वाडी.

यावर साडूंचा हुकमी एक्का: "मग गेट्सहेडचं काय? तिथं तर अख्खं गेट लिहिलंय!" गेट्सहेड हे उत्तर इंग्लंडमधलं गाव. बीड नावाच्या साधूनं 731 मध्ये संपवलेल्या इतिहासात त्या जागेचं लॅटिन नाव दिलंय, त्याचा अर्थ 'शेळीचं डोकं'. हे सांगितल्यावर साडू पेट्रोलच्या भावावर बोलू लागले.

तेव्हा आजचं स्पेलिंग बघून अर्थ लावत बसू नका, सगळ्यात जुनी नोंद आधी पाहा. इंग्लंडमधल्या गावांच्या नावांचा अभ्यास करणाऱ्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचा सरेवरचा खंड 1934 मध्ये निघालाय. एखाद्या गावाजवळ 30 वर्षं राहिलं म्हणून त्या गावाचं नाव कळतं, असं नसतं.

हां, 'विक' दिसलं की दूधदुभतंच असं नाही. नॉरिच, इप्सविचमधलं 'विच' हे त्याचंच भावंड, पण ती व्यापारी गावं. आणि उत्तरेकडच्या नावांत शेवटी 'गेट' आलं तर बहुतेकदा तो नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतला 'रस्ता' या अर्थाचा शब्द असतो, यॉर्कच्या कॉपरगेटसारखा. हे साडूंना अजून सापडलेलं नाही.