इंग्रजीची शिकवणी नव्यानेच घेताय? आधी एवढंच धरा

आठवी-नववीची मुलं आहेत ना, मग पहिला महिनाभर व्याकरण बाजूला राहिलं तरी चालेल. उतारा दीडशे शब्दांचा घ्या. शंभर शब्दांत पाचाहून जास्त अडले तर खालच्या इयत्तेचा घ्या, त्यात कमीपणा नाही. पहिल्या वाचनात शब्दकोश बंद. आणि ओळीओळीचं मराठी करून देऊ नका. मुलं इंग्रजी वाचायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

अलंकार मात्र मराठीतूनच उघडा. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती त्यांनी केलेली असते. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन ही फक्त नवी नावं. नेहमीची चूक म्हणजे ‘लाइक’ दिसलं की सिमिली. ‘शी लुक्स लाइक हर मदर’ ही साधी तुलना, दोन्ही माणसंच. ‘हिज हँड्स वेअर लाइक आइस’ यात हात आणि बर्फ वेगळ्या जातीचे, म्हणून ती सिमिली. नाव ओळखलं की थांबू नका. ‘बर्फच का, दगड का नाही?’ विचारा. ‘हात गारठलेत म्हणून’ असं उत्तर आलं की काम झालं.

निबंधात स्वतःचा विचार लिहा म्हटलं की मुलं गोष्टच परत सांगतात. घडलेलं एका वाक्यात उरकायला लावा. मग ‘आधी वाटायचं’, ‘आता वाटतं’, ‘कारण’ अशी तीन वाक्यं. ‘आय लर्न्ट अ लॉट’ दिसलं तर खाली ‘काय?’ एवढंच लिहून वही परत.

लाल पेन जपून. एका वेळी दोनच प्रकारच्या चुका दाखवा, बहुधा काळ आणि आर्टिकल (अ, अ‍ॅन, द). आयरनी (उपरोध) वगैरे दिवाळीनंतर बघू.