निर्वासित म्हणून आलेला कोणी पुढे मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला आहे का?

हो, हेन्री ताजफेल. जन्म १९१९, पोलंडमधलं ज्यू घराणं. पॅरिसला रसायनशास्त्र शिकत असताना दुसरं महायुद्ध पेटलं, फ्रेंच सैन्यात गेले आणि जर्मनांच्या हाती लागले. ज्यू असल्याचं त्यांनी लपवलं नाही, पण पोलिश असल्याचं लपवलं. फ्रेंच युद्धकैदी समजले गेले, म्हणून जगले. परतले तेव्हा जवळजवळ सगळं कुटुंब संपलेलं. मग काही वर्षं निर्वासितांसाठीच काम. पुढे लंडनला पूर्वग्रहावरच्या निबंधावर शिष्यवृत्ती मिळाली (या विषयाचा अभ्यास त्यांच्याइतका कुणाचा असणार!) आणि १९६७ मध्ये ते इंग्लंडमधल्याच ब्रिस्टल विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तिथला प्रयोग भन्नाट आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार गट पाडल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी. तरी पैसे वाटताना पोरं आपल्या गटाला झुकतं माप देत. दुसऱ्यांपेक्षा वरचढ राहायचं म्हणून आपल्याच गटाचे थोडे पैसे सोडायलाही तयार!

१९८२ मध्ये ते गेले. सहकारी स्त्रियांशी त्यांचं वागणं वाईट होतं, म्हणून युरोपातल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पुरस्काराला दिलेलं त्यांचं नाव काढलं. तेही सांगायला हवं.