मेपलची चव गेली कुठे?

प्रश्न : ताई, भाचा माँट्रियलहून येताना मेपल सिरप घेऊन आला. मी त्याचे अक्रोड घालून बार केले. रेसिपीतली साखर काढून तेवढंच सिरप घातलं. खालचा थर गिच्च झाला, वरचं सारण ताटभर ओघळलं आणि मेपलची चव शोधूनही सापडली नाही. अजून कपभर सिरप उरलंय, ते वाया घालवायचं नाहीये. काय चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, तुमचा हात चुकला नाही, पाक राहिला. चिक्की करताना आपण नुसता वितळलेला गूळ दाण्यांवर ओतत नाही, आधी त्याचा पाक करतो. मेपल सिरप दिसतंच पाकासारखं, म्हणून फसायला होतं. त्यात जवळजवळ एक तृतीयांश पाणी असतं. साखरेऐवजी ते घातलंत तेव्हा पिठात तेवढं पाणी गेलं.

मी ओटावात राहते. दर मार्चमध्ये आम्ही लॅनार्क काउंटीतल्या मेपलच्या रानात जातो. रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळवणारं ऊन, असे दिवस लागले की झाडातून रस वाहू लागतो. दिसायला पाणीच, चवीला जेमतेम गोड. असा साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप मिळतं. त्या वाफाळत्या खोपीत उभी राहिले की मला कोल्हापूरकडचं गुऱ्हाळच आठवतं. तिथे मळी वर आणायला भेंडीचा चीक घालतात. इथे रस उतू जायला लागला की लोण्याचा एवढासा खडा टाकतात आणि वर चढलेला फेस बघता बघता खाली बसतो. घरीही हे लक्षात ठेवा, कारण सिरप दुधासारखंच एकदम वर येतं. पातेलं मोठंच घ्या.

आता वड्या. २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात बटर पेपर घाला. १६० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर आणि ११५ ग्रॅम थंड बटर बोटांनी चुरून साच्यात दाबून बसवा. १७५ अंशांवर कडा बदामी होईपर्यंत, म्हणजे २० मिनिटं भाजा.

तोवर ६० ग्रॅम बटर कढवा. अगदी तूप होईपर्यंत नाही. बेरी बदामी झाली आणि घरभर वास सुटला की थांबा. बेरी गाळू नका, निम्मी चव तिच्यात आहे. त्यात २०० मिलिलिटर सिरप, ६० मिलिलिटर साय किंवा क्रीम घालून मध्यम आचेवर उकळत ठेवा. सुरुवातीचे बुडबुडे बारीक आणि चपळ असतात. मग ते मोठे, आळशी होतात आणि फुटताना चिकट आवाज येतो. तेव्हा वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघा. बोटांत मऊ गोळी वळली की पाक झाला. थर्मामीटर असेल तर ११५ अंश. लगेच १५० ग्रॅम भाजलेले अक्रोड आणि चिमूटभर मीठ घाला (बटर खारं असेल तर मीठ नको), भाजलेल्या थरावर ओता आणि पुन्हा १० मिनिटं भट्टीत ठेवा. वड्या पूर्ण गार झाल्यावरच कापा, चार तास तरी. गरम कापल्या तर पुन्हा ओघळतील.

चवीचं म्हणाल, तर व्हॅनिला आणि दालचिनी दोन्ही बाजूला ठेवा. मेपलचा वास हळवा असतो, त्यांच्यापुढे टिकत नाही. बाटलीवरचा रंगही बघा : गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क असे चार प्रकार असतात. गोल्डन डोशावर किंवा धिरड्यावर ओतून खावं. भाजायच्या पदार्थाला डार्कच हवं.

आणि पुढच्या वेळी कुणी बाटली आणणार असेल तर घटकांत फक्त मेपल सिरप लिहिलेलं असू दे. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी स्वस्त म्हणून घेतलेली बाटली मक्याच्या साखरेची निघाली. ती नाकाशी नेली आणि मला आईच्या मेथीच्या लाडवांची आठवण आली. तो काही भास नव्हता. मेथीला ज्या द्रव्यामुळे वास येतो, त्याच सोटोलॉनमुळे मेपलची आठवण होते, म्हणून नकली सिरपला मेथीचा अर्क वापरतात. न्यूयॉर्कमध्ये २००५पासून अधूनमधून शहरभर मेपलचा वास पसरायचा. २००९मध्ये त्याचा माग लागला तो न्यू जर्सीतल्या मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यापर्यंत.

उघडलेली बाटली मात्र फ्रिजमध्येच ठेवा. मधासारखी ती बाहेर टिकत नाही, वर बुरशी धरते.